आबांनी ओ दिली

पिंपळनेर

प्रिय ललित,

सुरतेच्या खोलीत पंखा बसवलास की नाही? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण गोड खोटं मला कधी जमलं नाही. आबांचं काही खरं नाही.

चुडामणकाकांची विहीर खोल करायचं काम चाललंय. सुरुंग उडवल्यावर काळ्या खडकात भगदाड पडलं आणि आत स्फटिकांच्या गारांनी भरलेली पोकळी निघाली. गारा अखंड काढायला काकांनी नेहमीसारखं आबांनाच बोलावलं. डबा द्यायला गेले तेव्हा मीही उतरून पाहिलं. हिरव्या गारा, पाण्यासारख्या स्वच्छ, मधूनमधून गुलाबी झुपके. जळगावचा व्यापारी बघताच खुळावला असता.

आबांची रीत आठवते ना? धान्याच्या कोठीत तोंड घालून आपण त्यांची नक्कल करायचो. नव्या पोकळीला हळदकुंकू वाहायचं, भगदाडाला तोंड लावून ‘येऊ का?’ विचारायचं आणि गप्प उभं राहायचं. उत्तर आलं नाही, म्हणजे परवानगी. आलंच, तर ओ द्यायची नाही. दगडमातीने तोंड बुजवून वर यायचं. दगड कुठे बोलतो का, असं म्हणून तू चापट खायचास.

यंदा उत्तर आलं, तेही तुझ्या आवाजात. ‘आबा, मी आठे शे.’ इथे, त्या पोकळीत. काका शपथेवर सांगतात, त्यांनीही ऐकलं. आणि जन्मभर दुसऱ्यांना बजावणाऱ्या आबांनी चटकन ओ दिली. तू भांडून गेल्यापासून ते तुझं नाव काढत नव्हते, पण कडी वाजली की सगळ्यांत आधी तेच उठायचे. बापाचं काळीज, त्याला काय करणार.

तेव्हापासून रोज उतरतात. गारेचा टवकाही उडू न देणारा माणूस आता पहारीने गारा फोडतोय, वाट रुंद करायला. काकांनी शिडी काढून घेतली, तर दोराने उतरले. त्यांच्या हातात रुतलेले कण काढताना मला रडू येतं, आणि तेच माझी समजूत घालतात, ‘मना पोऱ्या मझार शे, त्याले काढनं पडी.’ पोरगा आत अडकलाय म्हणे. परवा तुझा फोन त्यांच्या कानाला लावला, तर थोडं ऐकून मलाच विचारलं, ‘हाऊ कोन बोली ऱ्हायना?’ तू हसलास. मला भीती वाटली. आता माणूस आत शिरेल एवढी वाट होत आलीय, आणि ते आत गेले की परत येतील असं मला वाटत नाही.

काल त्यांना कसंबसं वर पाठवलं आणि पहार घ्यायला मी मागे राहिले. मी काहीच विचारलं नव्हतं. तरी आतून तू हाक मारलीस. रडत होतास. म्हणालास, अक्का, फोनवर बोलतो त्याला घरात घेऊ नका. मी ओ दिली नाही, पण पायही तिथून लवकर निघाला नाही.

फोनवर तू म्हणालास, दोन दिवसांत येतो. ये, तुला समोर पाहिल्याशिवाय आबा थांबायचे नाहीत. पण त्याआधी दोन ओळी हाताने लिहून, हे पत्र आणणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळच, भटूजवळ, परत दे. फोन करू नकोस. तुझं अक्षर मी ओळखते. आवाजाचा मला आता भरवसा नाही. तोवर आबांना खोलीत कोंडून ठेवीन. आणि चिठ्ठीच्या आधी तूच येऊन दाराशी उभा राहिलास, तरी मी दार उघडणार नाही. राग मानू नकोस.

तुझीच, तू खरा असशील तर,
अक्का