टोमणे बंद, बाह्या डाव्या

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा स्वतःचाच कान धरून नमस्कार.

तुझी गुडघेदुखी कमी असेल, राग तसाच असेल. तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (फोडशील नक्की, भोचकपणा तुझ्यात उपजतच आहे.)

घडलं असं. दुकानातल्या कपड्यांचे फोटो मी त्या ॲपवर टाकतो. मागे कुणीतरी माझ्या सदऱ्याखाली 'यापेक्षा पोतं बरं' असं लिहिलं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेवढ्यात ॲपनेच विचारलं, तुम्हाला काय काय दिसू नये? शिवीगाळ, भांडणं, टोमणे, नावं ठेवणं, मी सगळ्यांवर खुणा केल्या आणि कडकपणाची पट्टी पार टोकाला नेली. दुसऱ्या दिवसापासून जो तो 'सुंदर' आणि 'अप्रतिम'! मला वाटलं, चाळीस वर्षांनी का होईना, हात बसला.

त्याच सुमारास बँडवाल्यांचे नऊ कोट शिवायला आले. पहिल्याच्या बाह्या कापताना कापड दुमडायचं राहिलं आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. (एरवी बाही बसवताना कळतं, पण स्तुतीने फुगलेल्या माणसाचं लक्ष कुठे असतं!) फोटोखाली नुसती वाहवा. मी जोशात उरलेले आठही तसेच शिवले. बँडवाल्यांनी कोट चढवले, तर कर्णेवाल्याचा कर्णा तोंडाऐवजी शेजाऱ्याच्या कानाशी गेला. ढोलवाला (भला माणूस) बराच वेळ स्वतःच्या हातालाच दोष देत होता. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "मास्तर, तुमच्या ताईंनी पहिल्याच दिवशी फोटोखाली लिहिलं होतं की!"

मग ॲपने लपवलेलं सगळं मी उघडलं. सर्वांत वर तू: 'गाढवा, दोन्ही बाह्या डाव्या. पुढचे कापू नकोस.' खाली तुझेच एकेचाळीस निरोप. शेवटचा होता, 'मी फार बोलते का रे मूर्खा? एवढं सांग, मग गप्प बसते.' त्यातल्या 'मूर्खा'मुळे ॲपने तोही गिळला. मला भर दुकानात रडू आलं, ताई. गिऱ्हाइकांना वाटलं, कोटांसाठी रडतोय.

तू फार बोलतेस. गप्प मात्र बसू नकोस.

तुझा,
पट्टी शून्यावर आणलेला धाकटा

ता. क. नऊही कोटांच्या उजव्या बाजूच्या बाह्या उसवून ठेवल्यात. शनिवारी कोट द्यायचेत, माझ्या एकट्याच्याने होणार नाही. शिवण तूच शिकवलीस, तेव्हा निम्मी चूक तुझी. ये.

ता. क. दोन. भावोजींपुरती पट्टी टोकालाच ठेवली आहे. त्यांना सांगू नकोस.

ता. क. तीन. नवव्या कोटाखालच्या वाहवांमध्ये एक 'सुंदर' तुझंही सापडलं. तेव्हा मी ते वाचून खूश झालो होतो. दोन्ही बाह्या डाव्या दिसत असताना तू सुंदर लिहिलंस! मला एवढा परका करू नकोस गं. हव्या तेवढ्या शिव्या दे.