शाईची सहाण

सूचौ, १० सप्टेंबर १९९८

ती. शूझनताईस, वानयीचा सा. न. वि. वि.

ह्यांना जाऊन चाळीस दिवस झाले. मी बरी आहे. जेवते, झोपते, रडू येत नाही. शेवटच्या दिवशी ह्यांनी उगाळलेली शाई सहाणेवर तशीच वाळली आहे. रोज संध्याकाळी सहाण धुणं हे माझं काम. छत्तीस वर्षं चुकलं नाही, आता हातच पुढे होत नाही.

एकोणीस तारखेला संध्याकाळी आपल्याकडे चित्रांची बैठक आहे. ह्यांचे डोंगर-नद्या आणि जिंगयूची नवी कला, बापलेकांचं एकत्र. ह्यांनीच ठरवलं होतं. जिंगयू म्हणतो की आई, सहाण अशीच काचेखाली ठेवू, बाबांची शेवटची शाई कायमची राहील. मी म्हटलं, ठेव. काही वाटलं नाही. तुला काय वाटतं?

तुझी वानयी

हांगचौ, १४ सप्टेंबर

चि. वानयीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकाच्या डोक्यात भुसा भरलाय, असं वाटतं! एकदा मी सहाण न धुता उठले, तर बोयानरावांनी ती माझ्याकडून दोनदा घासून घेतली होती. वर कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांसारखी माझी बोटंही तपासली. पण धुतलीस की ती शाई गेली, हेही खरं. तूच ठरव. घासायला कमळाचं सुकं बोंड पाठवते आहे. गुडघे मेले ऐकत नाहीत, नाहीतर मीच आले असते.

लोभ आहेच, तो मागायला लावू नकोस.

ताई

सूचौ, २० सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोंड वेळेवर पोचलं. काल तीसेक माणसं आली. तरुण मंडळी काचेभोवती कुजबुजत होती. ह्यांचे जुने स्नेही, म्हातारे गू, वाकून बघत राहिले. मग मोठ्यांदा म्हणाले की वहिनी, बोयानची सहाण आणि पारोशी? तो असता तर आज कुणाला चहा मिळाला नसता! सगळे हसले, जिंगयू सोडून.

मला हसू आलं नाही, रडूही नाही. मी काच उचलली, सहाण अंगणात नेली आणि बोंडाने घासली. पाणी काळं आलं, मग करडं, मग नुसतं पाणी. जिंगयू शेजारी उकिडवा बसून पाणी ओतत राहिला. आत नुसती काच उरली होती. तिच्याभोवतीही लोक बराच वेळ उभे होते म्हणे.

आज मी पहिल्यांदाच स्वतःसाठी शाई उगाळली. पातळ झाली, म्हणून अक्षर फिकट आहे, सांभाळून घे.

संध्याकाळ होत आली. सहाण धुवायची आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी वानयी