नवव्या पानावरची ओळ

४ जाने. ८६, शनि.
सेमिनार परत पुढे ढकललं. तिसऱ्यांदा! सकाळी बोर्डावर चिठ्ठी होती, 'कु. सुनंदा परब : खाडीतील भरतीच्या लाटा'. दुपारी बघते तर चिठ्ठी गायब, तिथे कुणा पाहुण्याचं व्याख्यान. कोरगावकर सर (इथून पुढे को.स.) बशीत चहा ओतत म्हणाले, "परब, अजून एकदा वाचतो. घाई नको." घाई? चार वर्षं झाली. आणि डिपार्टमेंटचा नियम असा की सेमिनार झाल्याशिवाय थिसिस टायपिंगलाही जात नाही. गाईड हेच, अडवणारे हेच. काहीतरी शिजतंय.

८ जाने.
को.स.नी माझ्या प्रूफची वही परत घरी नेली. आणि परत तोच प्रश्न, पान नऊ : "ही लिमिट इंटिग्रलच्या आत कशी नेलीत?" म्हटलं, सर, फंक्शन बाउंडेड आहे ना, ठरलेल्या मर्यादेबाहेर जातच नाही. "हां हां." मान हलवली. डिसेंबरात हेच, दिवाळीनंतर हेच. तीस वर्षं शिकवणारा माणूस इतकी साधी गोष्ट परत परत विचारतो? मला बोलतं ठेवून सगळं काढून घेतायत, दुसरं काय.
दिनेशला सांगितलं. (शेजारच्या टेबलावरचा. आम्ही एकाच महिन्यात रजिस्टर झालो.) म्हणाला, "वही देतेसच कशाला? लक्ष ठेव यार. वाट लागेल तुझी."

१४ जाने., संक्रांत
को.स.ना तिळगूळ दिला. गोड बोललेबिलले नाहीत.
घरी दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं सगळं. दादा गिरणी सुटल्यापासून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन आहेत, दिवसभर लोकांच्या पिशव्या तपासतात. वाटलं, यांना तरी पटेल. तर म्हणे, "त्येका तोंडार इचार गो. मनात कित्या ठेवतंस?" वा! आणि तोंडावर विचारल्यावर को.स. कबूल करणार!

१८ जाने., शनि.
सापडलं!!
को.स. पाहुण्यांना आणायला गेटवर गेलेले, खोली उघडी. टेबलावर फुलस्केप कागद. अक्षर त्यांचं, तिरकं, आणि मजकूर माझा. माझे लेमा, म्हणजे मधली छोटी प्रमेयं, माझी आकृती, खाडीच्या उताराला मी दिलेलं अक्षरसुद्धा तेच. वरचा भाग फायलीखाली होता, नाव दिसलं नाही. दिसायची गरज काय? नंतर व्याख्यानाला मुद्दाम त्यांच्याच शेजारी बसले. पाहुणे काय बोलले, एक अक्षर आठवत नाही. को.स.नी मधेच मला श्रीखंडाची गोळी दिली. घेतली. खाल्ली नाही.

२१ जाने.
अख्ख्या प्रूफची कार्बन कॉपी स्वतःच्याच नावावर रजिस्टर पोस्टानं पाठवली. तारखेचा शिक्का म्हणजे पुरावा. (दिनेशची आयडिया. झकास आहे.)

२४ जाने.
पाकीट आलं. पोस्टमन : "ताई, पाठवणाऱ्या पण तुम्हीच?" आई हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. न फोडता कपाटात साड्यांखाली ठेवलं.

३० जाने.
को.स. हेडकडे मीटिंगला. मला म्हणाले, बसा, आलोच. बसले कसली! फाईल उघडली. हो, उघडली. चार वर्षं माझी आहेत.
एक नाही, सात प्रती. सातही त्यांच्या हातच्या. प्रत्येकीवर तारीख, सगळ्यात जुनी गणपतीच्या दिवसांतली. आणि वर, ठळक : 'कु. परब यांचे प्रूफ'.
परब यांचे.
सातही प्रती एकाच जागी थांबलेल्या. पान नऊ, लिमिटची ओळ. त्यापुढे कोरं.
म्हणजे चोर नाहीत. हुश्श वाटायला हवं होतं. पण मग सात वेळा कशाला लिहायचं? पावलांचा आवाज आला, फाईल मिटली. को.स. म्हणाले, "काय म्हणत होतो मी?"

३१ जाने.
दिनेशला सात प्रतींचं सांगितलं. क्षणाचाही विचार न करता : "अगं, विसरतात ते. डोकं गेलंय म्हाताऱ्याचं."
आणि जुळायलाच लागलं सगळं. सोमवारी शिपायाला चहा दोनदा सांगितला. चष्मा कपाळावर आणि शोधतायत टेबलाखाली. मागे एकदा मला परांजपे म्हणाले. बिचारे.
पण माझं काय? दर वेळी पान नऊपर्यंत येणार, विसरणार, परत पहिल्यापासून. असं झालं तर माझं सेमिनार लागणार कधी, को.स. रिटायर झाल्यावर? तोवर मी म्हातारी होईन इथेच.

५ फेब्रु.
हेडना भेटले. दारात दोनदा मागे फिरले, तिसऱ्यांदा आत. म्हटलं, "कोरगावकर सरांच्या हल्ली लक्षात राहत नाही. एकच गोष्ट सारखी विचारतात." हेडनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याही लक्षात आलंय म्हणजे." च्या! म्हणजे आणखी कुणी बोललंय? दिनेश? की हेडनी नुसतंच मला बोलतं केलं?
पंधराला सेमिनार लावलं. दोन मिनिटांत. बाहेर आले तर तोंड कडू झालेलं. पण तारीख मिळाली.

१५ फेब्रु., शनि.
झालं सेमिनार. खोली भरलेली. पहिली पाच मिनिटं अडखळले, मग खडूनं वेग घेतला. लिमिट आत नेली, पुढची ओळ लिहायला लागले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून : "परब, ही आत कशी नेलीत?"
मागे कुणीतरी खुसखुसलं. आणि मी हसत म्हटलं, "सर, परवाच सांगितलं ना तुम्हाला!"
सगळे हसले. हेडसुद्धा. को.स. म्हणाले, "हो, हो. सॉरी. चालू द्या." आणि वही मिटली.
टाळ्या. हेडनी हात मिळवला, टायपिंगला द्या म्हणाले. को.स. चहाला थांबले नाहीत.

१६ फेब्रु., रवि.
टायपिस्टसाठी स्वच्छ प्रत काढायला बसले. पान नऊवर आले. म्हटलं, एक ओळ खुलासा घालू या, म्हणजे परीक्षक तरी को.स.सारखं विचारणार नाहीत. लिमिट आत जाते, कारण फंक्शन बाउंडेड. बाउंडेड कशावरून? लेमा चार. लेमा चार कशावरून?
लेमा चार सिद्ध करताना मी शेवटचं थिअरम वापरलंय. आणि थिअरम उभं आहे या ओळीवर.
चार वेळा तपासलं. आई जेवायला हाक मारत होती, तिच्यावरच खेकसले.
माणूस विसरत नव्हता. माझं उत्तर पटत नव्हतं, म्हणून परत विचारत होता. आणि मी काल त्याला भरल्या खोलीत हसले.

१९ फेब्रु.
को.स. सोमवारपासून आले नाहीत. ऑफिसातल्या क्लार्कबाई म्हणाल्या, सोमवारी पत्र पाठवलंय, मुदतीआधीच रिटायरमेंट द्या म्हणून. "तुझ्या थिसिसवर सही दुसऱ्या कुणाची तरी घेतील हो, काळजी करू नकोस." मला मेलीला सहीची काळजी असणार, हे यांनी धरूनच चाललंय. दिनेश : "बघ, सुटलीस." त्याच्याशी बोलले नाही दिवसभर.

२३ फेब्रु., रवि.
सकाळीच चेंबूरला, को.स.च्या घरी. दार त्यांच्या मिसेसनी उघडलं. "परब ना तुम्ही? तुमचंच घेऊन बसलेत." को.स. बनियनवर होते, लगबगीनं शर्ट चढवून आले.
बसायच्या आतच बोलून टाकलं. "सर, पान नऊ. ते मलाच येत नाही. बाउंड लेमा चारमधून घेतला आणि लेमा चार थिअरममधून. गोल गोल फिरतंय."
म्हणाले, "अहो, मग आधी का नाही बोललात?" रागावले असते तर बरं झालं असतं. "दुसऱ्याचं प्रूफ हातानं लिहून काढल्याशिवाय मला कळत नाही, जुनी खोड आहे. तुम्ही इतक्या खात्रीनं सांगायचात. घरी येऊन लिहायला बसायचो, तिथेच अडायचो. सात वेळा. मला वाटलं, मुलीला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, म्हणजे आपलंच डोकं चालेनासं झालं."
आतून मिसेस म्हणाल्या, "डॉक्टरकडेही जाऊन आले हो."
"त्यात हेडही म्हणाले, मुलं तसं म्हणतायत. मग खात्रीच झाली." हे म्हणताना माझ्याकडे बघत होते की मागच्या कॅलेंडरकडे, कळलं नाही.
मी तोंड उघडलं. तेवढ्यात पोहे आले.
मग एक वाजेपर्यंत दोघं कागदावर. बाउंड दुसरीकडून आणता येतो का? उतार अगदी कमी असेल तर कदाचित. को.स.चा खडूसारखा धरलेला पेन्सिलीचा तुकडा, आणि मधे मधे "थांबा थांबा, असं बघू या". खूश होते. ओळ काही सुटली नाही. पत्राचं विचारलं, तर म्हणाले, "आधी हे बघू." बुधवारी परत बोलावलंय.
निघताना दारापर्यंत आले. म्हणाले, "परब, मनात काही असेल तर सरळ सांगत जा हो मला." पान नऊबद्दलच असेल. की हेडकडे गेलेली मीच, हे त्यांना माहीत आहे? माहीत असून मला पोहे वाढले, एक वाजेपर्यंत बसवलं, आणि माझ्या बोलण्याची वाट बघत होते?
हो म्हटलं आणि जिना उतरले. सांगितलं नाही.