आज काय खाल्लं?

५ नोव्हेंबर २०१४
चिचगडहून कुडव्यात राहायला आलो. खोली लहान, पण नळ घरातच. संघदीप बिरसीच्या विमानतळावर गार्ड आहे, त्याचं जाणं-येणं आता सोपं झालं. घरमालकीण शामकलाबाईंनी मला पाचवा महिना आहे ऐकून उकडलेले शिंगाडे आणून दिले. गरोदर बायांना तपासणाऱ्या एका संस्थेच्या रीनाताईंनी मोबाइल दिला आहे. जे खाल्लं त्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. पोटात पुरेसं गेलं की हिरवा चेहरा हसतो. दिवसभर मजा वाटली.

११ नोव्हेंबर
मोबाइलला खोटं सांगितलं. अंडं आणि दूध दाबलं. अंडं पाहूनच मला मळमळतं. खरं म्हणजे मागच्या भिंतीची माती खाल्ली, नखानं खरवडून. संध्याकाळी संघदीप तो हसरा चेहरा शामकलाबाईंना दाखवत होता. म्हणाला, पाहा, आमची रंजिता कशी बरोबर खाऊन राहिली. दातांत कचकच होती. मी तोंड मिटून उभी राहिले.

१९ नोव्हेंबर
रक्त कमी निघालं. रीनाताई म्हणाल्या, रोज अंडा-दूध लिहितेस, फिर भी खून कम काऊन? संघदीपनं माझ्याकडे पाहिलं.
घरी येऊन मोबाइल उघडला, तर आजच्या रकान्यात ‘माती’. मी लिहिलं नव्हतं. त्या चित्रांत माती नाहीच. पुसलं. परत आलं.

२४ नोव्हेंबर
आज ‘राख’. ते खरं आहे. खाली ‘केस’. ते खोटं, शपथ घेऊन सांगते.
मग जिभेखाली काही टोचलं. ओढलं तर ओढतच राहिले. लांब, पांढरा केस. आमच्या घरात पांढऱ्या केसांचं कोणी नाही.

२८ नोव्हेंबर
शामकलाबाईंचं कोंबडीचं पिल्लू गेलं. मुंगसानं नेलं म्हणाल्या. मोबाइलमध्ये ‘पिल्लू’. मी नखं घासून घासून धुतली.
रीनाताईंनी रक्त तपासलं. वाढलं होतं. सगळ्या बायांसमोर माझं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. संघदीपनं पेढे वाटले. जमीन फाटली असती तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर
संघदीपला सांगायला बसले. मातीपर्यंत सांगितलं. तो हसला. त्याची आईपण खायची म्हणे. पुढचं तोंडातून निघेना. मला आणि त्याच्या लेकराला तो कोणत्या नजरेनं पाहील —
शामकलाबाईंची नात खुशी शाळा सुटली की माझ्याकडे येते. पोटाला कान लावते. आज तिच्या मानेचा वास आला. गोड.

३ डिसेंबर
खुशीला पाठवू नका म्हणून सांगितलं. शामकलाबाईंनी विचारलं, काऊन, पोरीनं काय केलं? मी म्हणाले, पोरगी त्रास देते. दाराआड ती ऐकत होती. रडत गेली.
संघदीपला जाताना बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. चोरांचं निमित्त सांगितलं.

दुपार. मोबाइल वाजला. आजच्या रकान्यात ‘खुशी’. अजून काही झालं नाही — मी आत आहे — तरी चेहरा हसतो आहे —

बाहेर तिचा आवाज. मावशी, रागावली का माझ्यावर —

आजीची किल्ली आणली म्हणते. कुलूप हलतंय — नको येऊ बाई, नको — ओरडायला तोंड उघडलं, तर लाळ —