शेवटच्या पानापासून

आई, आज बऱ्याच दिवसांनी भाकरी थापायला बसले. सूनबाई म्हणाली, पोळ्या करते की, तुम्ही कशाला त्रास घेता. तिला कसं सांगू, की ज्वारीच्या पिठाला पाणी लावलं की मला अजून इतिहासाचे प्रश्न ऐकू येतात. तू जाऊन किती वर्षं झाली, पण लातूरच्या स्वयंपाकघरातली तुझी परीक्षा काही संपत नाही.

तुझं माहेर नांदेडचं. आजोबा तिथल्या कचेरीत पेशकार, राज्य निजामाचं, तेव्हा त्यांनी तुला सरकारी शाळेत घातलं आणि तू उर्दूतून मॅट्रिक झालीस. लग्न होऊन लातूरला आलीस तेव्हा इथं मुलींची खाजगी मराठी शाळा नुकती निघाली होती, तीही सातवीपर्यंतच. तू तिथं हिशेब आणि शिवण शिकवायचीस. मी सहावीत असताना शाळेनं आठवीच्या वर्गाची परवानगी मागितली. तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब आले, चहा प्यायले आणि सांगून गेले, की पदवीधर बाई आणा, ते जमत नसेल तर निदान पदवीची पहिली परीक्षा पास झालेली तरी दाखवा. अशी बाई लातुरात कुठून आणायची? नाही आणली तर सातवीनंतर आम्ही मुली घरी. माझ्या बरोबरीच्या दोघींना तर बघायला पाहुणे येऊन गेले होते. तू शाळेतून आलीस, हातपाय धुतलेस आणि माझ्या वडिलांना, दादांना म्हणालीस, "मीच होते की पास. त्यात काय हाय एवढं?"

त्यात पुष्कळ होतं. मुलखाबाहेरचं एक विद्यापीठ बायकांना घरी बसून अभ्यास करू द्यायचं आणि परीक्षा मराठीतून घ्यायचं. परीक्षेचं केंद्र सोलापूरला. तिकडच्या एक शिक्षिका टपालानं प्रश्न पाठवायच्या. तुझी उत्तरं दादा बार्शीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिथल्या टपालात टाकायला द्यायचे आणि ती लाल शाईनं माखून परत यायची. पुस्तकांचं पुडकं सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई सोडून बघत, त्यामुळे नवं पुस्तकही आपल्याकडे हाताळूनच यायचं. आणि घरात तर पहाटेपासून पाणी, चूल, शाळा, पुन्हा चूल. अभ्यासाला वेळ कुठला? मग तू तो चुलीतूनच काढलास.

बोलायला तू मराठीच, पण छापील मराठी वाचायला तुला वेळ लागायचा. म्हणून मी पाटावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि तू ऐकत ऐकत भाकऱ्या थापायचीस. मग पुस्तक मिटायचं आणि मी प्रश्न विचारायचा. टीप असेल तर एका भाकरीत उत्तर संपलं पाहिजे, सविस्तर प्रश्न असेल तर चार भाकऱ्या. हा नियम तुझाच. तू तव्याकडे बघत बोलते आहेस, हात चालू आहे, भाकरी फुगते आहे, आणि शेवटचं वाक्य तू ती टोपल्यात टाकतानाच पुरं करतेस. मी नुसती बघत राहते. दादा गंजातल्या बाजारपेठेत एका अडतीवर मुनीम होते. जेवायला बसले की भाकरी उलटून बघायचे आणि म्हणायचे, "आज इतिहास जरा करपून राहिला वाटतं." तू दुसरी वाढायचीस, हसायची मात्र नाहीस. एकदा तू अडलीस आणि मी पुढचा शब्द पुरवला, तर पिठाच्या हातानंच माझ्या गुडघ्यावर चापट बसली. "मधी बोलू नको. तिथं तू येणार हायेस का सांगायला?"

खरंच तिथं कुणी नव्हतं. दादा तुला छोट्या आगगाडीनं सोलापूरला घेऊन गेले आणि मी शेजारच्या काकूंकडे राहिले. तुम्ही परतलात ती संध्याकाळ मला अजून दिसते. पडवीत बसून तू आधी पिशवीतून माझ्यासाठी आणलेली दौत आणि टाक काढलास. "आठवीला लागंल," म्हणालीस. आणि मग सांगितलंस, की पहिल्याच पेपरला घोटाळा झाला.

वहीवर नंबर टाकला आणि तुझ्या हातानं सवयीनं वही पालथी केली. उर्दू शाळेत सगळ्या वह्या तिकडूनच उघडायच्या. प्रश्न ओळखीचे, मग काय, तू लिहीत सुटलीस. "मी लिहून राहिले, लिहून राहिले, मान म्हणून वर केली न्हाई," हे तुझे शब्द. देखरेखीच्या बाई सही करायला आल्या तेव्हा निम्म्याहून जास्त पेपर झाला होता. त्या घाबरल्या. तपासणारा पहिलं पान उघडेल, कोरं दिसलं की शून्य देऊन मोकळा होईल, असं त्यांना वाटलं. नवी वही देते, सगळं उतरवून काढा, म्हणाल्या. तेवढा वेळ नव्हता. तुझ्या हिशेबानं दोन भाकऱ्या अजून थापायच्या होत्या. तू त्यांना नको म्हणालीस, राहिलेली उत्तरं त्याच बाजूनं पुरी केलीस आणि मग वही सुलटी करून पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलंस, "कृपया शेवटच्या पानापासून वाचावे. आमच्या मुलखात वही तिकडून उघडते. चूक उघडण्यात आहे, उत्तरांत नाही."

दादा कपाळाला हात लावून बसले. मला मात्र त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला, की निकालाची भीतीच गेली. तो टाक मी त्याच संध्याकाळी शाईत बुडवला.

निकाल उशिरा आला. तू पास होतीस. पावसाळ्यात आठवीचा वर्ग उघडला, आणि पाहुणे येऊन गेलेल्या त्या दोघींपैकी एक माझ्याशेजारी येऊन बसली. दुसरी तोवर जळकोटला नांदायला गेली होती. पुढच्या परीक्षा तू एकेक करून दिल्यास. पदवी हाती पडली तेव्हा निजामाचं राज्यही उरलं नव्हतं.

मी मास्तरीण झाले ती तुझ्यामुळे, हे तुला माहीत आहे. एक मात्र तुला कधी बोलले नाही. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून आता सांगते. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही मी घरी बसून शिकणाऱ्या बायकांचे पेपर तपासले. भोकरच्या, चाकूरच्या, कुठल्याकुठल्या. वही समोर आली, की नंबर बघायच्याही आधी मी ती पालथी करून शेवटचं पान उघडायचे. बरोबरीच्या मास्तरीणबाई हसायच्या. इतक्या वर्षांत त्या बाजूनं लिहिलेलं कुणीच भेटलं नाही, आई, तरी बघितल्याशिवाय मी एकीलाही शून्य दिलं नाही.