गवतातली अकरा घुबडं

आप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि दापोऱ्याच्या गायरानातली गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलेली नाही.

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, पण थंडी पडली की तुमचं मन त्या गवतात असायचं. हिवाळ्यापुरती उत्तरेकडून येणारी, झाडावर न बसता गवतात जमिनीवर बसणारी घुबडं तुम्ही मोजायचात, आणि सोबत उंदरांची बिळं. संध्याकाळी बिळांची तोंडं मातीनं बुजवायची, सकाळी जितकी पुन्हा उकरलेली दिसतील तितकी वापरातली. एखाद्या हिवाळ्यात उंदीर माजायचे, घुबडंही भरपूर यायची. कधी दोन्ही नावालाच. वहीतले ते चढउतार तुम्ही मला स्वयंपाकघरात, मी चहा गाळत असताना दाखवायचात. मी नुसतं हो-हो म्हणायचे.

मग तुमचा गुडघा गेला. "दर रविवारी जाऊन येशील का?" तुम्ही म्हणालात, "यंदाचं पान कोरं राहायला नको." शनिवारी संध्याकाळी बिळं बुजवून आले, पहिल्या रविवारी सकाळी गेले. गवत कमरेएवढं, सलवारीला कुसळं, हात गारठलेले. उकरलेली बिळं मोजता मोजता दमले. घुबड एकच उडालं. त्या दिवशी खरं तेच सांगितलं, आणि तुम्ही गप्प झालात. दुसऱ्या रविवारी मी गेलेच नाही. मैत्रिणीकडे पोहे खाल्ले आणि घरी येऊन सांगितलं, "अकरा." तुमचा चेहरा असा उजळला की पुढेही मी न जाताच अकराच्या आसपासचा आकडा सांगत राहिले. बिळं मात्र, घुबडं उंदीर खातायत असं वाटावं म्हणून, दर आठवड्याला कमी सांगत गेले. गायरानाला लागून ज्याचा हरभरा होता, त्याला तुम्ही माझ्यासमोर फोन केलात. "औषध टाकू नका. घुबडं भरपूर आलीत, उंदीर आवरतील. औषधानं मेलेले उंदीर खाल्ले तर तीही मरतील."

फेब्रुवारीत तो दुपारचा घरी आला. मी आत कणीक मळत होते. "सर, तुमच्या भरोशावर राहिलो ना मी. आधा हरभरा साफ झाला. अकरा घुबडं होती त उंदीर कोणी सोडले?" तुम्ही खुर्चीतून उठायला गेलात, गुडघ्यानं उठू दिलं नाही. म्हणालात, "मोजणी माझी होती. चुकली." माझं नाव घेतलं नाहीत. मी परातीत हात तसेच ठेवून उभी राहिले. "आता गावात तुमचं कोण ऐकेल?" असं म्हणून तो पाणीही न पिता गेला.

संध्याकाळी तुम्ही मला जवळ बसवलंत. "गवतात ती नीट दिसत नाहीत. एकच दोनदा उडालं तरी दोन वाटतात. माझ्याही चुका झाल्यात. तू मनाला लावून घेऊ नकोस." तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "भाजी गरम करू का?" त्यानंतर ती वही तुम्ही उघडली नाहीत. गुडघा सुधारल्यावरही गायरानात गेला नाहीत, कोणी विचारलं तर सांगायचात, "आता नजर राहिली नाही." शेवटपर्यंत तुम्ही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होतात.

या डिसेंबरात मी गेले. अर्ध्या गायरानात आता केळी लागल्यात. बिळं बुजवली, सकाळी मोजली. फार नव्हती, घुबडं दोन. तो शेतकरी बांधावर भेटला. केस पांढरे झालेत. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चार लोकांत मी सरांना झूठा म्हटलं, ताई. तुम्ही तेव्हाच बोलायचं होतं. आता मी माफी कोणाला मागू?"



हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून त्यालाही न सांगितलेलं एक इथे लिहिते. तुम्ही गेलात असं दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रडू फुटायच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.