खाटेखाली कॅमेरा नाही

प्रिय दर्शना,

यूसुफभाई सुट्टीवर रत्नागिरीला येतोय, त्याच्याच हाती हे देतोय. फोनवर तू बोलू देतच नाहीस. कॅमेरा फिरव म्हणतेस. फ्रिज उघड, खिडकी दाखव, मागे कोण खोकलं. अगं, कुवेतमधल्या फरवानियातल्या या खोलीत आम्ही दोघंच, यूसुफभाईशिवाय कोण खोकणार?

टीव्हीवर ऐकलंस की इराण अणूच्या तपासणीवाल्यांना आत सोडत नाही, की तुझी तपासणी माझ्यावर. त्यांचं आत काय चाललंय ते जगाला कळेना, त्यात माझा काय दोष? त्यांच्या अणुभट्टीचा आणि आमचा समुद्र एकच, मान्य. तोच समुद्र गोड करून आम्ही पितो, तेही मान्य. पण त्याची बाटली रोज सकाळी मीच भरून प्लांटच्या लॅबला देतो ना? किरणोत्साराचं रिडिंग नॉर्मल. काल नॉर्मल, आज नॉर्मल. कागदाचा फोटो पाठवला तर म्हणतेस तारीख दिसत नाही. तारखेसकट पाठवला तर म्हणतेस, दाखवायचं तेवढंच दाखवतोस. त्या तपासणीवाल्यांनी तुलाच इराणला न्यायला हवं होतं. तुला दारातून परत पाठवायची कुणाची छाती नाही.

सोमवारी म्हणालीस, खाटेखाली दाखव. मी फोन कापला आणि नेट गेलं म्हणून मेसेज टाकला. तेव्हापासून तुझा फोन नाही, आणि माझ्या आईला सांगून मोकळी की तिकडे कुणीतरी आहे. खाटेखाली कुणाला ठेवणार मी, वीतभर जागेत?

आपल्या लेकीच्या, स्वराच्या शाळेला सुट्टी लागली, इकडे यायच्या बॅगा भरून झाल्या, आणि मी महिनाभर सांगतोय की तुमचा व्हिसा ऑफिसात अडकलाय. ऑफिसवाल्यांना उगाच शिव्या खायला लावल्या मी.

नेट गेलं नव्हतं. खाटेखाली पाण्याचे कॅन आहेत. बावीस. दर शुक्रवारी दुकानातून दोन आणतो. रिडिंग खरंच नॉर्मल आहे, कागदात खोटं काही नाही. तरी आणतो. यूसुफभाई आधी हसायचा, आता तोच उचलू लागतो. तुमच्या व्हिसाचे कागद मी भरलेच नाहीत, शेवटच्या कॅनमागे पिशवीत पडलेत. स्वरा इथे नळाखाली ग्लास धरेल, मी कॅनमधलं पी म्हणेन, आणि तू विचारशील, का? मला काही सांगता येणार नाही. म्हणून तुझ्यावर चिडत राहिलो.

शुक्रवारी फोन कर. आधी खाटेखाली दाखवतो. मग तूच सांग, कागद भरू की नको.

सगळं दाखवून बसलेला, तुझाच,
सुदेश